टाका कुणाचा

डिसेंबरात आमच्या बाल्कनीत ऊन पावणेआठला येतं. आधी ते समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर अडून राहतं, मग टाकीच्या कडेवरून घसरत आमच्या कठड्यावर उतरतं आणि जेमतेम पाऊण तास थांबतं. त्या पाऊण तासावर माझा धंदा चालतो. मी घराविषयी लिहिते, घराचे फोटो काढते, छोटे व्हिडिओ करते. कोपरा कसा सजवावा, जुन्या साडीचं काय करावं, सकाळ निवांत कशी घालवावी, असं सगळं. लोक ते बघतात, आणि लोक बघतात म्हणून कंपन्या पैसे देतात. गेली सहा वर्षं फ्लॅटचा निम्मा हप्ता त्यातून जातो.

तर ऊन आलं की मी चहा करते. जुन्या बाजारातून आणलेल्या निळ्या काठाच्या कपात ओतते, शेजारी शेवंतीची दोन फुलं आणि उघडं पुस्तक ठेवते, फोन स्टँडला लावते. पहिल्यांदा माझीच सावली पडते. दुसऱ्यांदा खालून भंगारवाल्याची हाळी येते. तिसऱ्यांदा चहावर साय धरलेली असते, ती चमच्यानं काढावी लागते. वाफ दिसायला हवी असेल तर ओला कापूस गरम करून कपामागे लपवायचा, ही युक्ती या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. सगळं जमून येईपर्यंत चहा गार झालेला असतो आणि तो मी बेसिनमध्ये ओतते. माझा खरा चहा सहालाच झालेला असतो. ओट्याशी उभ्यानं, स्टीलच्या फुलपात्रातून, तव्यावरच्या पोळीवर एक डोळा ठेवून.

व्हिडिओखाली ओळ लिहिते, ‘दिवसाची पहिली दहा मिनिटं फक्त माझी.’

हे खरं नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण बरीच वर्षं मी त्याला खोटं म्हणत नव्हते. नाटकात खोटी भिंत असते, म्हणून कुणी नेपथ्यकाराला लबाड म्हणतं का? हा माझा आवडता युक्तिवाद. नवऱ्याला, बहिणीला, एकदा तर बँकेतल्या माणसालाही मी तो ऐकवलाय. त्यातली खोच मला आत्ता आत्ता कळायला लागली आहे. नाटकाला येणारा माणूस नाटकाचं तिकीट काढून येतो. माझ्याकडे येणारी बाई स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी असते, तिच्या हातात ओलं फडकं असतं, आणि ती माझ्या ओट्याची तिच्या ओट्याशी तुलना करत असते. तिला कुणी सांगितलेलंच नसतं की ही भिंत पुठ्ठ्याची आहे.

मध्यंतरी एका सर्वेक्षणाविषयी वाचलं. दिवसाचे चोवीस तास लोक कशात घालवतात याची मोजणी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं देशभर पहिल्यांदा 2019 मध्ये केली, आणि पुन्हा 2024 मध्ये. पद्धत मला फार आवडली. दिवस पहाटे चारला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटे चारला संपतो. अर्ध्या अर्ध्या तासाची घरं पाडायची आणि प्रत्येक घरात काय केलं ते लिहायचं. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची सरासरी 299 मिनिटं जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांची 97, असं 2019 चं उत्तर होतं. पाच वर्षांनी ते 289 आणि 88 झालं. म्हणजे दोघांचंही थोडं कमी झालं, आणि पुरुषांचं मूळचंच थोडं असल्यामुळे त्यांना ते अधिक सोयीचं पडलं.

मी एक वही घेतली. आईच्या वहीसारखी, आडव्या रेघांची, लाल कडेची. एका मंगळवारची अठ्ठेचाळीस घरं आखली आणि प्रामाणिकपणे भरायची ठरवली. वही कुणाला दाखवायची नव्हती, तिचा फोटो काढायचा नव्हता. (खरं सांगायचं तर दुपारी एकदा वहीवर ऊन छान पडलं होतं आणि हात फोनकडे गेला होता. तेही ‘साडेतीन ते चार’ या घरात लिहून ठेवलं आहे.)

पहिली सात घरं सोपी गेली. झोप, झोप, झोप, मग उठून डबा. पावणेआठच्या चहाशी गाडी अडली. हे काय म्हणून लिहू? चहा करणं हे घरकाम. पण तो कुणी प्यायला नाही. मग ते उत्पन्नाचं काम. पण ‘कामावर होते’ असं लिहावं, तर त्या व्हिडिओत मी कामावर नसल्याबद्दलच मला पैसे मिळतात. पुढं साडेदहाला पितळी पातेलं चिंच-मीठ लावून उजळायचं होतं, कारण दुपारी त्यात कढी दाखवायची होती. हे घरकाम की नोकरी? चारला मुलाबरोबर मातीचे दिवे रंगवले. अर्धा तास. त्यातली वीस मिनिटं फोन चालू होता. ते संगोपनाच्या रकान्यात घालावं, तर त्या वीस मिनिटांत मी त्याला तीनदा म्हणाले होते, ‘अरे, हात मध्ये आणू नकोस.’

संध्याकाळी घरं मोजली. कुणासाठी, कशासाठी हा प्रश्न न पडता केलेलं निखळ घरकाम पाच घरांचं निघालं, म्हणजे अडीच तास. मला आधी बरंच वाटलं. 289 मिनिटांची जवळजवळ दहा घरं होतात, मी पाचात भागवलं, म्हणजे मी नेटकी. माझ्या एका व्हिडिओचं नावच ‘कमी वेळात नेटकं घर’ असं आहे. मग बाकीची पाच कुठं गेली ते पाहिलं. मावशी सकाळी दोन तास येतात, भांडी, केर, फरशी. ती चार. पाचवं सासूबाईंचं, मेथी निवडण्याचं. दहाच्या दहा जागच्या जागी होती. घर नेटकं ठेवायला लागायचा तेवढाच वेळ लागत होता, माझ्या व्हिडिओत फक्त माझी पाच मोजली जात होती. नवऱ्याच्या 88 मिनिटांचा शोध अजून चालू आहे, तो विषय या लेखात घेतला तर लेख हातचा जाईल.

त्याच वहीच्या शेवटच्या पानावर मी एक भांडं काढलं. पातेल्यासारखं गोल, खाली तीन ओळी. हे पातेलं मी घासलं तर त्याचं मोल शून्य, ते बिनपगारी घरकाम. मावशींनी घासलं तर महिन्याच्या चार हजारांतला एक कण. आणि तेच पातेलं मी सुती साडी नेसून, हातात दोन बांगड्या घालून, खिडकीतल्या उजेडात फोनसमोर घासलं, तर एका दिवसाचे मावशींच्या चार-चार महिन्यांइतके पैसे. तेव्हाही ते खरं घासलेलं नसतं. आधी मावशींनी लख्ख करून दिलेलं असतं, मी फक्त त्यावरून हात फिरवते.

पितळेच्या त्या पातेल्याचं आणखी एक सांगायचं राहिलं. त्याला चार वर्षांत कल्हई नाही. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट ठेवलं तर कळकतं, हे आमच्या घरात पाचवीतल्या पोरीलाही माहीत असायचं. त्यामुळे त्यातली कढी कॅमेऱ्यासाठी ओतायची, चमचा फिरवायचा, आणि मागच्या मागं टाकून द्यायची. खरी कढी स्टीलच्या पातेल्यात. ‘आपल्या आज्यांची भांडी पुन्हा वापरात आणू या’ असं मी म्हणते, आणि कथील-नवसागर घेऊन कोळसे फुंकणारा कल्हईवाला आमच्या भागात अजून येतो का, याची मी चौकशीही केलेली नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर हा लेख लिहिलाच नसता. अशा लहानसहान लबाड्यांची माणसाला सवय होते, आणि त्या कबूल करण्यात एक छुपी ऐटही असते. बघा, मी किती प्रामाणिक. साय काढली, कापूस ठेवला, कढी टाकली. हे सांगितल्यानं कुणाचं काही जात नाही, माझं तर मुळीच नाही. उलट ‘पडद्यामागे’ नावाचा व्हिडिओ त्यावर करता येतो, आणि तोही मी केलाय, चांगला चालला.

न सांगितलेलं वेगळं आहे. ते वाकळीचं.

मावशी बार्शीकडच्या. लग्नानंतर पुण्याला आल्या त्याला पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. पाच घरची कामं करतात. मागल्या पावसाळ्यात आमचं कपाट आवरताना सासूबाईंच्या जुन्या सुती साड्या निघाल्या, विरलेल्या, पण रंग अजून बोलणारे. मी म्हटलं, यांची गोधडी किती छान होईल. मावशी म्हणाल्या, ‘वाकळ का? द्या की, शिवते म्या. आईनं शिकवलीया.’ पंधराशे ठरले. म्हणजे मी पंधराशे म्हटलं आणि त्या ‘बरं’ म्हणाल्या.

दोन महिने लागले. कामं उरकून, रात्री, घरच्या दिव्याखाली. वाकळ आली तेव्हा मी खरोखर हरखून गेले. आत जुन्या धडप्यांचे थर, वर सासूबाईंची डाळिंबी आणि हिरवी, काठ कापून चौफेर कडेला लावलेले. धावदोरा बाहेरून सुरू होऊन कडेकडेनं फिरत आत गेलेला, ओळीला ओळ लागून, बोटाच्या पेरात मावतील इतक्या जवळ. मध्ये पोहोचल्यावर तो संपतो तिथं गाठ शोधून सापडत नाही. मी एरवी फार शब्द वापरते, त्या दिवशी ‘अहो मावशी!’ एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावर मी वाकळ बाल्कनीत पसरली, सुई घेतली, एका कोपऱ्यातल्या पूर्ण झालेल्या ओळीवर सुईत लाल दोरा ओवून बसले आणि दोन-चार टाके घातल्यासारखे केले. माझे हात, सुई, काठ, ऊन. बासष्ट सेकंद. आवाज माझा, ‘घरातल्या बायकांच्या साड्या एकमेकींना शिवत शिवत एक ऊब तयार होते...’ वाक्य चांगलं आहे, मला अजूनही आवडतं. त्यात मी ‘मी शिवली’ असं कुठंही म्हटलेलं नाही. हे मी मुद्दाम तपासलं होतं. आणि हे मुद्दाम तपासणंच आज मला सगळ्यात जास्त टोचतं. बेसावध माणूस सहज ‘मी शिवली’ म्हणून गेला असता आणि त्याला क्षमा असती. मी वाक्य असं बेतलं की पकडली गेले तर सुटता यावं.

व्हिडिओ खूप चालला. आठवड्याभरात चादरी-गाद्यांच्या एका कंपनीचा फोन आला. असंच काहीतरी हातशिवणीचं, आमच्या चादरीबरोबर. अठरा हजार मिळाले. वाकळ पुन्हा तीच.

त्या आठवड्यात आईचा फोन आला. आई सांगलीला असते. माझे व्हिडिओ ती भाचीच्या फोनवर बघते आणि एरवी त्यावर काही बोलत नाही. त्या दिवशी इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, ‘गोधडी बघितली. टाका सुरेख आहे.’ मी म्हटलं, ‘हो ना!’ थोडा वेळ गेला. मग म्हणाली, ‘कुणाचा आहे?’

आईला माझी सुई धरण्याची पद्धत माहीत आहे. आठवीत शिवणाच्या तासाला मी रुमालाला टीप घातली होती, तो रुमाल तिनं अजून ठेवलाय, हसण्यासाठी. तिला फसवणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, ‘आमच्या मावशींचा.’ ती ‘हं’ म्हणाली, आणि सांगलीत हळदीचा भाव काय झालाय ते सांगायला लागली.

त्या ‘हं’वर मी तीन महिने काढले. आई रागावली असती तर बरं झालं असतं, मला वाद घालता आला असता. माझ्याकडे उत्तरंही तयार होती. एक, मावशींना मी ठरलेले पैसे दिले. दोन, मी त्यांना विचारलं होतं. हे दुसरं उत्तर नीट उलगडून बघायला हवं, कारण मी स्वतःला ते इतक्या वेळा सांगितलंय की त्याची कड गुळगुळीत झाली आहे. मी विचारलं होतं हे खरं. कधी? व्हिडिओ टाकल्यानंतर चार दिवसांनी, लोक भरभरून बोलायला लागल्यावर. काय विचारलं? ‘मावशी, तुम्हाला व्हिडिओत घेऊ का?’ त्या पदर तोंडाशी नेऊन हसल्या. ‘नको वो ताई. पोराला आवडायचं न्हाई.’ मी लगेच म्हटलं, ‘बरं बरं, राहू दे.’ किती लगेच, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. मी त्यांचा चेहरा मागत होते. चेहरा न दाखवता ‘ही आमच्या मावशींनी शिवली आहे’ एवढं म्हणू का, हे विचारलं नाही. अठरा हजार मिळाले, हे सांगितलं नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर ‘नको’ येणार हे मला माहीत होतं, तेवढाच विचारला.

नियमांचं म्हणाल तर मी नियम पाळणारी बाई आहे. जाहिरात असेल तर तसं ठळक लिहा, हे जाहिरात मानक परिषदेनं 2021 मध्ये सांगितलं, ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी 2023 मध्ये पुन्हा बजावलं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. चादरीच्या व्हिडिओवर मी ‘जाहिरात’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. वर्षात वीस हजारांच्या वरच्या भेटवस्तूंवर 1 जुलै 2022 पासून दहा टक्के कर कापला जातो. वस्तू परत केली तर नाही, ठेवून घेतली तर होतो. मी ठेवून घेतलेल्या प्रत्येक मिक्सरचा हिशोब सीएला देते. मी कंपनीचं काय देणं लागते हे कसं उघड करावं, याचे नियम आहेत आणि ते मी पाळते. वाकळीवरचा हात कुणाचा हे सांगावं, असं कुठल्याही नियमात नाही. 2008 साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. मावशींची तिथं नोंद आहे का, हे मी त्यांना विचारलेलं नव्हतं. साठवणीच्या बरण्यांवर चिठ्ठ्या कशा लावाव्यात यावर मात्र मी तीन भाग केलेत.

मुलाचंही एक आहे. ते थोडक्यात सांगून टाकते, कारण त्यावर फार वेळ थांबवत नाही.

या धंद्यात सण महिनाभर आधी येतात. दिवाळीचं सामान भाद्रपदात घरी पोहोचतं. एका वर्षी तेलाच्या कंपनीनं दिलेली तारीख पितृपंधरवड्यात आली, आणि नेमकी सासऱ्यांच्या तिथीच्या दिवशी. मी तारीख बदलून मागितली नाही. मागितली असती तर मिळालीही असती. ओट्याच्या एका शेगडीवर सासूबाई तिथीचे वडे तळत होत्या, दुसऱ्या शेगडीवर मी कंपनीच्या तेलात करंज्या. त्या एवढंच म्हणाल्या, ‘कंदील बाहेर नको हं लावू आज.’ मग आम्ही बेडरूमच्या खिडकीला काळी चादर लावून आत कंदील पेटवला. मुलाला रेशमी कुडता घातला, करंजी खाऊन हसायला सांगितलं. पाच करंज्या अर्ध्या खाऊन झाल्यावर हसू बरोबर आलं.

पुढं खरी दिवाळी आली. नरक चतुर्दशीला पहाटे मी त्याला उठवलं, तेल लावायला बसवलं, बाहेर कुणीतरी पहिला फटाका उडवला. तो डोळे चोळत म्हणाला, ‘आई, ही खरी आहे का?’

तो आठ वर्षांचा आहे. त्यानंतर मी त्याला व्हिडिओत घेतलेलं नाही. हे सांगताना आपण काही सोडलं असं वाटत होतं, म्हणून वहीत तेही तपासलं. मुलं असलेले माझे व्हिडिओ तसेही कमी चालत होते.

आईकडे कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ची जुनी प्रत आहे. पुस्तक 1970 चं, हिची प्रत लग्नातली. कणा शिवलेला, बेसनाच्या पानावर हळदीचा अंगठा, चिरोट्याच्या पानात एक वाळलेला तुपाचा डाग, ज्यातून पलीकडची अक्षरं दिसतात. लहानपणी मला ते पुस्तक कंटाळवाणं वाटायचं, कारण त्यात कुणाचं घर नव्हतं. वाटी, चमचा, किती, कधी, आच किती, बस. मापं अशी की सासरी एकटी पडलेली, कुणाला विचारायची सोय नसलेली मुलगीही पदार्थ करू शकेल. आता वाटतं, त्यात कुणाचं घर नाही म्हणूनच ते आईचं झालं. तिनं त्यात तिची हळद सांडली. माझे व्हिडिओ बघून कुणाच्या घरात काही सांडत असेल का? मला एका बाईनं एकदा रस्त्यात थांबवून सांगितलं होतं, ‘तुमचं बघितलं की मला माझं घर आवरावंसं वाटतं, आणि मग आवरवत नाही.’ मी तेव्हा हसून ‘थँक्यू’ म्हटलं. तिच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मी ऐकलाच नव्हता.

लगेच हेही लिहायला हवं, की मला हे काम आवडतं. ऊन कठड्यावर उतरतं तेव्हा मला खरंच आनंद होतो, पैसे मिळाले नसते तरी झाला असता. मंडईत शेवंतीच्या ढिगापुढे उभं राहून कोणता पिवळा घ्यावा हे ठरवण्यात माझी अर्धी सकाळ जाऊ शकते, आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही. तांबट आळीतून आणलेल्या हंड्यावर मठारकामाचे ठोके आहेत. त्यावर उजेड पडला की प्रत्येक ठोक्यात एकेक छोटी खिडकी दिसते. हे मी कुणाला दाखवावं असं मला वाटतं, आणि ती हौस खरी आहे. हा हंडा कुणी ठोकला हे मला माहीत नाही. दुकानातून घेतला.

परवा, गुरुवारी, मी मावशींना सांगायचं ठरवलं. ठरवल्यावर आधी दोन दिवस टाळलं. मंगळवारी त्यांना घाई होती, बुधवारी मला. गुरुवारी त्या फरशी पुसून दारात बसल्या होत्या, चहाचा कप हातात. आमच्याकडे त्या दारातच बसतात. खुर्चीवर बसा असं मी सहा वर्षांत म्हटलं असेल, पण उठून खुर्ची पुढं केल्याचं आठवत नाही. मी समोर जमिनीवर बसले. हेही जरा नाटकीच झालं, त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण त्या सावरून बसल्या.

मी म्हटलं, ‘मावशी, ती वाकळ. तिचा मी व्हिडिओ केला होता ना, त्यातून मला पैसे मिळाले. अठरा हजार. ती तुम्ही शिवली हे मी कुणाला सांगितलं नाही. चुकलं माझं.’

त्यांनी चहाचा घोट घेतला. मला वाटलं, आता त्या ‘असू द्या ताई’ म्हणतील. मी त्या ‘असू द्या’ची वाट बघत होते, हे मला तेव्हाच कळलं.

‘अठरा?’ त्या म्हणाल्या.

‘अठरा.’

‘माज्या सुनंनं दावलं हुतं मला,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचा व्हिडिओ. तवाच. म्या तिला म्हनलं, ताईंनी सुई उलटी धरलीया.’

त्या हसल्या नाहीत. मलाही हसता आलं नाही. म्हणजे हे त्यांना सुरुवातीपासून ठाऊक होतं. मी ‘व्हिडिओत घेऊ का’ विचारलं तेव्हाही. पदर तोंडाशी नेऊन त्या कशाला हसल्या होत्या, याचा अर्थ मी इतके महिने लाजण्याशी लावत होते.

मी म्हटलं की आता मी लिहीन, तुमच्या नावानिशी. त्यांनी मान हलवली. ‘नाव नगं. नावाचं काय करायचं?’ म्हणून इथंही ते नाही. अर्धे पैसे तुमचे, असंही मी म्हटलं. त्यावर त्यांनी थोडा विचार केला, आणि ‘द्या’ म्हणाल्या. इतकं सरळ. नाही-हो नाही, कशाला-बिशाला नाही. मी आत जाऊन नऊ हजार आणले. त्यांनी ते मोजले, एकदा, बोट न ओलावता, आणि कमरेच्या पिशवीत ठेवले.

मग म्हणाल्या, ‘तुमच्या त्या दुसऱ्या ताईंना पायजे हुती न्हवं वाकळ? चौथ्या मजल्यावरच्या?’

‘हो, त्या विचारत होत्या. सांगू त्यांना?’

‘सांगा. पर पंधराशेला न्हाई शिवायची आता. चार हजार.’

मी मनातल्या मनात आनंदले. वाकळीला चार हजार योग्यच आहेत, दोन महिन्यांच्या रात्री आहेत त्या, कमीच आहेत खरं तर. हे सगळं डोक्यात अगदी नीट, मुद्देसूद चाललेलं असताना तोंडानं मी म्हणाले, ‘साडेतीन चालतील का?’

मावशींनी कप खाली ठेवला, बादली उचलली.

‘चार,’ म्हणाल्या, आणि फडकं पिळायला मोरीकडे गेल्या.